अर्धवट गोधड्यांचं गाठोडं सोडा: रोज सात हात शिवलं तर दीड महिन्यात गोधडी अंगावर

बुलढाणा : कपाशीची उलंगवाडी झाली, हरभरा-गहू घरात आला, की जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत दुपारच्या वेळी माळ्यावरचं नाहीतर पेटीतलं एक गाठोडं खाली येतं. त्यात जुन्या साड्या असतात, धोतरं असतात, पोरांचे शाळेचे शर्ट असतात. आणि मधोमध घडी घालून ठेवलेली, काठाकाठाने थोडी शिवून सोडून दिलेली गोधडी असते. एक नव्हे, दोन-तीन. एक लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून काढलेली, एक सासूबाईंच्या लुगड्यांची, एकीची तर नुसती ठिगळं कापून ठेवलेली. गाठोडं सोडलं जातं, पाहिलं जातं, आणि 'आता पुढच्या साली पाहू' म्हणून परत बांधलं जातं.

याला कुणी आळस म्हणत असेल तर त्याने एकदा सात फुटी गोधडी हाताने शिवून पाहावी. बायांचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू होतो, वावरातून परत येईपर्यंत सांज होते. सलग चार तास बसून शिवायला मिळतील, या आशेवर गोधडी थांबलेली असते. असे चार तास वर्षात फार तर दोन-तीनदा मिळतात, आणि तेव्हा पापड-कुरडया असतात नाहीतर कुणाचं लग्न असतं. म्हणून मोकळा दिवस शोधत बसण्यापेक्षा रोजची अर्धी घटका धरणं जास्त कामाचं आहे. ते कसं जमतं, एकापेक्षा जास्त गोधड्या अडकल्या असतील तर आधी कोणती घ्यायची, आणि कोणती सोडून द्यायची, याचा हा साधा हिशेब.

फेऱ्यांचा हिशेब, जो कुणी सांगत नाही

आपल्याकडे गोधडी शिवण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओळी घालत जातात. दुसऱ्या रीतीत बाहेरच्या काठापासून सुरुवात करून चौकोनी फेरे घालत घालत आत मधापर्यंत येतात. दुसरी रीत घरगुती गोधडीला जास्त दिसते, कारण चार बाया चार बाजूंना बसून एकाच वेळी शिवू शकतात आणि आधी काठ बंद झाल्याने थर निसटत नाहीत.

समजा गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. दोन फेऱ्यांत अंगठ्याच्या पेराएवढं, म्हणजे एक इंच अंतर आहे. काठापासून मधापर्यंत अशा तीस फेऱ्या होतात. सगळ्या फेऱ्यांची लांबी जोडली तर साधारण चारशे तीस फूट धावदोरा घालावा लागतो. आकडा मोठा वाटतो. पण पुढचं पाहा.

सगळ्यात बाहेरची फेरी चोवीस फुटांची असते. दरेक फेरीला आठ इंच कमी होत जातात, आणि शेवटची, तिसावी फेरी जेमतेम पावणेपाच फुटांची उरते. त्यामुळे पहिल्या दहा फेऱ्या झाल्या की दोनशे दहा फूट शिवून झालेलं असतं. म्हणजे तीसपैकी दहाच फेऱ्या झाल्या तरी गोधडी जवळजवळ निम्मी झाली. पंधरा फेऱ्या झाल्या की तीनातले दोन भाग संपले.

आता आठवून पाहा, गोधडी सोडली कुठे जाते? बहुतेक वेळा आठव्या-दहाव्या फेरीला. कारण डोळ्याला दिसतं ते मधलं मोठं मोकळं कापड. 'एवढ्या दिवसांत इतकंच झालं, बाकीचं कधी होणार' असं वाटतं आणि हात थांबतो. खरं तर अवघड भाग तेव्हा मागे पडलेला असतो. गाठोड्यात दहा फेऱ्या झालेली गोधडी असेल तर ती निम्म्या कामाची शिल्लक आहे, त्याहून जास्त नाही.

आता वेळ. एक फूट शिवायला समजा तीन मिनिटं लागतात. गोधडी किती थरांची आहे, हात किती सवयीचा आहे, यावर ते कमी-जास्त होईल. ज्या बाईने तिने घड्याळ लावून आपलं पाहावं. तीन मिनिटं धरली तर अर्ध्या तासात दहा फूट होतात. चारशे तीस फुटांना त्रेचाळीस दिवस. म्हणजे दीड महिन्यात पूर्ण गोधडी, दिवसाला फक्त अर्धा तास देऊन. पहिल्या दहा फेऱ्यांना एकवीस दिवस लागतील आणि उरलेल्या वीस फेऱ्यांना बावीस.

फूटपट्टी घ्यायची गरज नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात म्हणजे साधारण दीड फूट. रोज सात हात शिवलं की दहा फुटांच्या थोडं वर जातं. सात हात झाले की सुई खाली ठेवायची. उत्साहात एका दिवशी वीस हात शिवले तर दुसऱ्या दिवशी मान आणि बोटं धरतात, मग चार दिवस खाडा पडतो. त्या खाड्यातच गोधडी परत गाठोड्यात जाते.

झालेलं काम कॅलेंडरवर लिहावं. दुधाचा आणि गॅस टाकीचा हिशेब जिथे लिहितो तिथेच, तारखेच्या चौकटीत 'सात' किंवा 'चार' एवढंच. खाडा झाला तर आडवी रेघ. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की कळतं किती पुढे आलो. घरातल्या शाळेच्या पोरीला हा हिशेब सांभाळायला दिला तर ती रोज आठवणही करते.

तीन गोधड्या असतील तर

एकदम तिन्ही काढल्या तर एकही होत नाही, आणि दोन डोळ्याआड केल्या तर त्या उंदराच्या होतात. मधला मार्ग असा की एक हातात, एक मांडीवर, एक गाठोड्यात.

हातातली म्हणजे जिला रोजचे सात हात मिळतात ती. ही एकच असावी. निवडताना दोन गोष्टी पाहाव्या. जिला तारीख आहे ती आधी. लेकीचं बाळंतपण अडीच महिन्यांवर असेल तर बाळाचं दुपटं आधी, कारण बाळ कुणासाठी थांबत नाही. तीन फूट बाय तीन फूट दुपट्याला इंचाच्या अंतराने अठरा फेऱ्या आणि सगळं मिळून एकशे चौदा फूट होतात. रोजच्या दहा फुटांनी बारा दिवसांत दुपटं तयार. तारीख कशालाच नसेल तर जी संपायला सगळ्यात जवळ आली आहे ती घ्यावी. नवीन काढलेली, ताज्या कापडाची गोधडी मनाला ओढते, पण तिला थांबवावं. एक पूर्ण होऊन अंगावर आली की पुढचीला हात आपोआप लागतो.

मांडीवरची म्हणजे ठिगळं जोडायचं काम. ते एवढंसं असतं, पिशवीत मावतं. चिखलीच्या बाजाराला जाताना एसटीची वाट पाहत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, बचत गटाची बैठक सुरू व्हायच्या आधी दोन ठिगळं जोडून होतात. पसरायची गोधडी असं कुठे नेता येत नाही. पावसाळ्यात अंगण ओलं असतं तेव्हाही हेच काम चालतं.

गाठोड्यातली फक्त नीट ठेवायची. महिन्यातून एकदा ऊन दाखवायचं, एवढंच.

एखादीचा निकालही लावावा लागतो. कापड इतकं विरलं आहे की सुई घातली तर फाटतं, किंवा जिच्यासाठी काढली होती ते लेकरू आता दहावीला गेलं, तर ती गोधडी तशीच पूर्ण करायचा हट्ट कशाला? मधला चांगला भाग कापून त्याची दोन दुपटी होतात. जाड असेल तर बाजेवर अंथरायला, गाडीत बसायला होते. उरलेलं दुसऱ्या गोधडीच्या पोटात थर म्हणून जातं. अमेरिकेत हौसेने गोधड्या शिवणाऱ्या बाया अशा अडकलेल्या कामांना गमतीने 'यूएफओ' म्हणतात. उडती तबकडी नव्हे, 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट', म्हणजे न संपलेली वस्तू. तिकडे दुकानातून नवीन कापड आणून शिवतात, तरी गाठोडी तशीच साचतात. म्हणजे दुखणं आपल्याच गावचं नाही.

अडकली का, ते आधी शोधा

थांबलेली गोधडी उघडली की पहिल्या दिवशी शिवायला बसू नये. ती का थांबली हे पाहावं. कारण तेच राहिलं तर परत तिथेच अडकणार.

दोरा संपला, हे सगळ्यात साधं कारण. वरच्या हिशेबाच्या गोधडीला एकेरी दोऱ्याने शिवलं तर साधारण दीडशे ते पावणेदोनशे मीटर दोरा लागतो, दुहेरीने त्याच्या दुप्पट. थर जाड असतील तर आणखी जास्त. सगळा दोरा एकदमच आणावा, म्हणजे रंगही एकसारखा राहतो आणि बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. दोरा सुती आणि जाड असावा. ओवताना दोन हातांपेक्षा लांब घेऊ नये, गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की तो कापडात सुळसुळीत जातो.

दुसरं कारण फुगा. बाहेरून आत शिवत येताना वरचं कापड हळूहळू पुढे सरकतं. काठ बंद असल्याने ते बाहेर जाऊ शकत नाही, मग मधे जमा होतं आणि चुण्या पडतात. बाईला वाटतं गोधडी बिघडली, आणि ती सोडून देते. ती बिघडलेली नसते. फुगा लहान असेल तर शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उसवून, कापड हाताने चारी बाजूंना सारखं करून परत शिवावं. फुगा मोठा असेल तर वरच्या कापडाला सरळ चीर द्यावी, जास्तीचं कापड एकावर एक चढवावं आणि त्यावर ठिगळ लावावं. कोटाला ठिगळ लागलं तर लोक पाहतील, गोधडीच्या ठिगळाला नाव ठेवणारा अजून जन्मायचा आहे.

पुढच्या गोधडीला फुगा येऊ नये म्हणून आधी कच्चे टाके घालावेत. झाडून सारवलेल्या जागेवर किंवा चटईवर खालचं कापड ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे, त्यावर थर आणि वर चांगलं कापड. मग मधापासून काठाकडे लांब लांब, वीतभर अंतरावर टाके घालायचे. हे टाके नंतर काढायचे असतात म्हणून बऱ्याच जणी टाळतात. तासाभराचं काम आहे, पण घडी घालून सहा महिने ठेवली तरी थर हलत नाहीत. रोज थोडं थोडं शिवणारीला तर कच्च्या टाक्यांशिवाय गत्यंतर नाही, कारण तिची गोधडी रोज पसरली आणि रोज गुंडाळली जाते.

तिसरं कारण कापडाचं, आणि हे गेल्या काही वर्षांतलं आहे. आधी घरात सुती लुगडी, पातळं, धोतरं निघायची. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड गोधडीसाठी उत्तम. आता पेटीतून निघतात त्यातल्या बऱ्याच साड्या पॉलिस्टरच्या. त्या फाटत नाहीत हे खरं, पण एकमेकींवरून घसरतात, घाम शोषत नाहीत. बाळाच्या अंगाला त्या नकोच. चुलीजवळ, शेकोटीजवळ तर पॉलिस्टर धोक्याचं, कारण ते जळताना वितळून कातडीला चिकटतं.

कापड सुती की पॉलिस्टर, हे हाताला कळत नसेल तर त्याचे दोन-चार धागे काढावेत. अंगणात, चिमट्यात धरून काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. लहान लेकरं जवळ असताना हे करू नये.

पॉलिस्टरच्या साड्या फेकायच्या असं नाही. त्या मधल्या थरात घालाव्यात, वर-खाली सुती ठेवावं आणि कच्चे टाके थोडे जवळ घालावेत. जरीचे काठ आधी काढून टाकावेत, ते अंगाला टोचतात. चेन, बटणं, हूक तर काढायचेच, त्यावर सुई मोडते. गडद लाल-निळं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावं. रंग लागला तर ते वेगळं दोन-तीनदा धुऊन मगच घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी एका रंगाची होते.

चौथं कारण डोळे

म्हाताऱ्या बायांच्या गोधड्या थांबतात त्या बहुतेक डोळ्यांमुळे, आणि हे त्या कुणाला सांगत नाहीत. 'आता मन लागत नाही' म्हणतात. सुईचं नाकं दिसत नसतं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसणं हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं, म्हणून तर त्या चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो. ग्रामीण रुग्णालयात किंवा तपासणी शिबिरात डोळे दाखवून घ्यावेत. जवळचा नंबर असेल तर चष्म्याने काम भागतं, मोतीबिंदू असेल तर त्यावर शस्त्रक्रिया होते. गोधडीच्या निमित्ताने का होईना, पण सासूबाईंचे डोळे तपासून होतील.

तोवर एक सोपा उपाय. घरातल्या नातवंडाने सकाळच्या उजेडात आठ-दहा सुया ओवून द्यायच्या आणि एका चिंधीला टोचून ठेवायच्या. दिवसभर तेवढ्या पुरतात. शिवायची वेळ दुपारची ठेवावी. उन्हाळ्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे दुपारी बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा दाराच्या उजेडात बसून सात हात आरामात होतात. रात्री दिव्याखाली शिवायचं असेल तर फिक्या कापडावर गडद दोरा घ्यावा, टाका दिसतो. बोटात घालायची पत्र्याची टोपी, अंगुस्तान, पाच-सहा थरांच्या गोधडीला लागतेच. नसेल तर बोटाला जाड चिंधी गुंडाळावी.

काम थांबवताना सुई गोधडीत ठेवायची नाही. ती गंजते, कापडाला डाग पाडते, आणि रात्री कुणीतरी त्यावर बसतं. जिथे थांबलो तिथे रंगीत दोऱ्याची सैल गाठ मारावी, सुई मोजून डबीत.

लुगड्यातलं माणूस

एका कारणावर दोरा आणून इलाज होत नाही. गोधडी ज्या माणसाच्या कापडाची आहे ते माणूस गेलेलं असतं. आईची दोन पातळं, सासऱ्याचं धोतर. तिने शिवायला घेतली आणि तिच्यानेच अर्धी राहिली. नंतर सुनेने ती उघडली की टाक्यावरून हात फिरतो आणि परत घडी पडते. आपला टाका तिच्या टाक्याशेजारी घालायला मन धजत नाही. चार-पाच वर्षं सहज जातात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पेटीत ठेवलेलं जुनं सुती कापड तसंच राहत नाही. घडीवर ते कुजत जातं, ओल लागली तर काळे ठिपके पडतात, कसर लागते, उंदीर कोपरे नेतो. शिवलेल्या गोधडीत तेच कापड चार थरांच्या आधाराने टिकतं, आणि एक जागा फाटली तरी तिथे ठिगळ लागतं. म्हणजे जपून ठेवायचं म्हणून न शिवलेलं लुगडं आधी जातं. तिचा शेवटचा टाका कुठे आहे तिथे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने पुढे सुरुवात करावी. तिचं कोणतं आणि आपलं कोणतं हे कायम दिसत राहील. कापड अगदीच कापवत नसेल तर ते अखंड खालच्या अंगाला लावावं, कात्री लावायची गरजच नाही.

आपल्या विदर्भात गोधडीची शरम कधी नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' म्हणायचे, ते अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रावरून. शरम आली ती अलीकडे, पाहुणे आले की गोधडी लपवून बाजारातलं ब्लँकेट काढायची. ब्लँकेट वाईट नाही, स्वस्तात ऊब मिळते. पण गोधडी उबदार असते ती थरांमधे अडकलेल्या हवेमुळे, आणि सुती असल्याने ती घाम शोषते. ब्लँकेट फाटलं की गेलं, गोधडीवर परत थर चढतो.

बाहेर तर गोधडीला वेगळाच मान आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. तीही काठापासून आत, आपल्यासारखीच. शेवटी चार कोपऱ्यांना कापडाची घडी घालून त्रिकोणी 'फुलं' लावतात, ती नसतील तर कवंदी उघडीनागडी समजतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची काळ्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि 2006 मधे तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. थंडी भागवायला शिवलेल्या गोधड्या होत्या त्या.

चौघींनी मिळून

एकटीने दीड महिना. चौघी बसल्या तर? चार बाजूंना चार जणी, दरेकीचे दहा फूट, म्हणजे अर्ध्या तासात चाळीस फूट. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास बसलं तर दोन आठवड्यांच्या आतबाहेर एक गोधडी निघते. मग पुढची दुसरीच्या घरची. शेवटच्या फेऱ्यांना जागा कमी पडते, चौघींचे हात एकमेकींना लागतात, तेव्हा दोघींनी शिवावं आणि दोघींनी पुढच्या गोधडीचे कच्चे टाके घालावेत. चौघींचा टाका सारखा येत नाही. यायची गरजही नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा हात वाढतात. सगळ्यात कंटाळवाणी बाहेरची पाच-सहा फेऱ्यांची पट्टी त्या दिवसांत उरकून घ्यावी.

बचत गटाच्या काही जणी गोधड्या शिवून विकतातही. 'उमेद' अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत हाताने शिवलेल्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं. पण विकायची आणि घरची यांची सरमिसळ करू नये. विकायच्या गोधडीला ठरलेलं माप, सारखा टाका, न विटणारं कापड लागतं. घरच्या अर्धवट गोधड्या पूर्ण करून विकू, असं म्हणून त्या काढल्या तर बहुतेक त्या ना विकल्या जातात ना अंगावर येतात. विकायची असेल तर नवीन घ्यावी.

आणि खूपच साचल्या असतील तर एखादी शहरातल्या गोधडीच्या मशीनवर शिवून आणायलाही हरकत नाही. मशीनचा टाका घट्ट बसतो, गोधडी थोडी कडक होते, पण लेकरांच्या खाली अंथरायला ती चालते. आठवणीच्या कापडाची मात्र हातानेच शिवावी, कारण मशीनच्या सुईला विरलेलं कापड सोसत नाही.

मृग लागायच्या आत

होळी ते मृग, एवढीच सलग मुदत. पेरणी सुरू झाली की सात हात काय, सात टाके होत नाहीत. मग निंदण, पोळा, सोयाबीनची सोंगणी, आणि दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी. थंडी पडते तेव्हा घाटावर चिखली-मेहकरकडे पहाटे अंगावर दोन-दोन पांघरुणं लागतात, आणि नेमकी त्याच वेळी गोधडी अर्धी असते. म्हणून जी थंडीत पाहिजे ती मे संपायच्या आत झाली पाहिजे.

नाही झाली तर ती ठेवायची कशी हे महत्त्वाचं. घडी घालू नये, घडीवर कापड कुजतं. काठीभोवती गुंडाळावी, वर जुनी सुती चादर बांधावी. प्लास्टिकच्या पोत्यात घालू नये, आत दमटपणा राहून बुरशी धरते. लोखंडी पेटी असेल तर उत्तम, नसेल तर आढ्याला दोरीने टांगावी म्हणजे उंदीर पोहोचत नाही. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा. त्यासोबत एका चिठ्ठीवर लिहावं: किती फेऱ्या झाल्या, किती राहिल्या, दोरा कोणता. तीच दोऱ्याची रीळ चिठ्ठीसोबत बांधून ठेवावी. पावसाची उघडीप मिळाली की श्रावणात, भादव्यात एकेक दिवस ऊन दाखवावं, आणि त्या दिवशी जमले तर दोन हात शिवून घ्यावेत. कॅलेंडरवर तेवढेही लिहावेत.